आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: पहिल्याच दिवशी दोघांच्याही टेस्ट लिहून द्या

मा. आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

मूल व्हावं म्हणून ट्रीटमेंट सुरू करायच्या आधी कुठल्या टेस्ट करायच्या, कधी करायच्या आणि कशासाठी, हे साध्या भाषेत सांगणारा एक कागद प्रत्येक सरकारी दवाखान्यात प्रत्येक जोडप्याला मिळावा, एवढंच मागायला हे पत्र लिहितेय. मागणी छोटी वाटेल तुम्हाला, पण तो कागद नव्हता म्हणून आमची दोन वर्षं गेली.

आम्ही चान्स घ्यायला लागून वर्ष होऊन गेलं तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. केसपेपर माझ्या नावाने निघाला आणि मग पुढचं सगळं माझ्याच नावावर निघत गेलं. रक्ताच्या टेस्ट झाल्या, आतून सोनोग्राफी झाली, ट्यूबमध्ये डाय सोडून एक्स-रे झाला जो खूप दुखला, पुढे भूल देऊन लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने पोटाची आतून तपासणी झाली, पोटावर टाके पडले, आणि ह्या सगळ्या काळात माझ्या नवऱ्याला एकदाही कुणी म्हणालं नाही की तुम्ही पण एक वीर्याचं सॅम्पल देऊन जा. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ती टेस्ट सांगितली आणि शुक्राणूंचा काउंट खूपच कमी निघाला. रिपोर्ट हातात धरून नवरा मलाच सॉरी म्हणत होता हो, त्याची काय चूक, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मंत्रीमहोदय, मूल होत नाही अशा साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचंही काहीतरी कारण असतं, कधी एकटंच, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीला. आणि वीर्याच्या तपासणीला, म्हणजे सीमेन अ‍ॅनालिसिसला ना सुई लागते ना भूल. २ ते ७ दिवस वीर्य बाहेर जाऊ द्यायचं नाही, सॅम्पल पूर्ण द्यायचं आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवायचं, झालं. रिपोर्ट गडबड आला तर तेवढ्यावर शिक्का मारायचा नसतो, टेस्ट परत करायची असते, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी आलेला जोराचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. बॉडी बनवायला घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर शुक्राणू तयार होणंच थांबवू शकतात आणि हे बऱ्याच तरुण मुलांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं त्याने उलट ताकद वाढते. काउंट फारच कमी असेल तर मग पुढच्या हार्मोनच्या आणि क्रोमोसोमच्या टेस्ट येतात. पण सुरुवात तरी करा! आणि सॅम्पल द्यायला कडी लागणारी एक स्वच्छ खोली द्या, कॉरिडॉरच्या टोकाचं टॉयलेट दाखवू नका.

दुसरी गोष्ट तारखांची. बीज फुटतंय का बघायला प्रोजेस्टेरॉनची टेस्ट असते, ती मला सरळ "एकविसाव्या दिवशी या" म्हणून सांगितली आणि रिपोर्ट बघून म्हणाले बीज फुटतच नाहीये. माझी पाळी ३५ दिवसांची आहे. ही टेस्ट पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची असते, एकविसावा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशोब झाला, माझा दिवस अठ्ठाविसावा यायला हवा होता. त्या एका चुकीच्या तारखेमुळे मी कित्येक महिने बीज फुटायच्या गोळ्या घेतल्या. एफएसएच आणि एस्ट्राडायोल ह्या हार्मोनच्या टेस्ट पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, डायचा एक्स-रे पाळी संपल्यावर पण बीज फुटायच्या आधी, थायरॉईडची टीएसएच कधीही, एवढं जरी छापून दिलं तरी किती बायकांच्या फेऱ्या वाचतील.

एएमएचबद्दल जरा जास्त लिहिते कारण ह्या तीन अक्षरांनी खूप जणींना रडवलंय. ही टेस्ट बीजांडकोषात साधारण किती बीजं शिल्लक आहेत आणि बीजं वाढवायच्या इंजेक्शनांना कसा प्रतिसाद मिळेल ह्याचा अंदाज देते, बीजांची क्वालिटी ती सांगत नाही. एएमएच कमी आलं म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नसतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तो आकडा खाली दिसू शकतो. पण हातात नुसता रिपोर्ट दिला जातो, लाल अक्षरात "लो" छापलेला, आणि बाई घरी जाऊन रात्रभर जागी राहते.

काही टेस्ट मूल का होत नाही हे शोधायला नसतातच, त्या होणाऱ्या बाळासाठी आणि आईसाठी असतात आणि नेमक्या त्याच राहून जातात. रुबेलाची इम्युनिटी बघायला हवी, नसेल तर आधी लस, आणि लसीनंतर महिनाभर चान्स घ्यायचा नाही, म्हणजे हे ट्रीटमेंटच्या आधीच व्हायला हवं ना. शुगर, बीपी, हिमोग्लोबिन, दोघांचीही एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस. जिथे थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो तिथे त्याचीही, कारण दोघंही कॅरियर असतील, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी आजाराचं जनुक दोघांकडे असेल, तर प्रत्येक बाळाला आजार व्हायची शक्यता चारात एक असते.

आणि उलट बाजू पण आहे. कुणाला सरसकट एनके सेल (रक्तातल्या एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) ची टेस्ट, कुणाला रक्त गोठण्याच्या टेस्टचं भलं मोठं पॅकेज, असं लिहून दिलं जातं. वारंवार गर्भपात होणं किंवा स्वतःला अगर घरात कुणाला गुठळ्यांचा त्रास असणं असं काही कारण नसताना सुरुवातीलाच रक्त गोठण्याच्या टेस्टची गरज नसते, एनके सेलच्या टेस्टचा तर उपचार ठरवायला उपयोग होतो हे अजून सिद्धच झालेलं नाही. हताश झालेलं माणूस कशालाही हो म्हणतं, आम्ही पण म्हणालो. म्हणून नेहमीच्या यादीबाहेरची टेस्ट सांगितली तर ती का, आणि तिच्या रिपोर्टने उपचारात काय बदलणार, हे डॉक्टरांनी दोन ओळीत लिहून द्यायचं बंधन घाला. दवाखाना बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात तेही थांबवा, थोड्याच महिन्यांपूर्वीचे चांगल्या लॅबचे रिपोर्ट चालायला काय हरकत आहे?

वयाचं पण त्या कागदावर ठळक लिहा. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी, पण बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, आणि पाळी येतच नसेल किंवा आधीच काही आजार माहीत असेल तर थांबायचंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. म्हणजे तुमच्या ऑफिसमध्ये सुद्धा कुणीतरी असेलच, गप्प बसलेलं.

एक शेवटचं, ह्याला तर नवीन मशीन पण लागणार नाही. वंध्यत्वाच्या ओपीडीत केसपेपर दोघांच्या नावाने काढायचा नियम करा, वर दोन नावं, खाली दोघांच्या टेस्टचे दोन कॉलम. नवऱ्याचा कॉलम रिकामा दिसला की पुढचा डॉक्टर तरी विचारेल.

आपली नम्र,
एक नागरिक