तालुक्याच्या प्रशासकीय इमारतींना काचेचा दर्शनी भाग नको

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

तालुक्यातालुक्यांत नव्या प्रशासकीय इमारती होत आहेत, त्या व्हायलाच हव्यात. पण रस्ता पश्चिमेला म्हणून दर्शनी भाग पश्चिमेला आणि तोही वरपासून खालपर्यंत बंद काचेचा, असा नकाशा मंजूर करू नका, ही कळकळीची विनंती. अकोला, जालना, चंद्रपूर इथं मे महिन्यात दुपारी चारचं ऊन तिरपं येतं. नेहमीचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. मग पडदे ओढायचे, भरदिवसा दिवे लावायचे आणि एसी १८ वर न्यायचा. वीज गेली की उघडायला खिडकीच नसते.

इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला येतात. आपल्या अक्षांशावर दक्षिणेकडच्या दीड मीटर उंच खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत थेट ऊन आत येत नाही. पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं आणि अभिलेख कक्ष घ्यावेत. केंद्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत (इमारतींच्या वीजबचतीच्या नियमावलीत) काचेची मर्यादा भिंतीच्या ४० टक्के आहे. कार्यालयाला त्याहून कमी सहज पुरते.

उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पट आत पोचतो. कड जमिनीपासून २.४ मीटरवर असेल तर पाच-सहा मीटर. म्हणून दोन्ही बाजूंना खिडक्या असलेलं दालन १२ मीटरपेक्षा रुंद नसावं. अभिलेख कक्ष अपुरा पडला की दप्तरांची लोखंडी कपाटं खिडक्यांनाच टेकतात आणि सगळा हिशेब फुकट जातो. दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर हव्यात, प्रत्येक ओळीला वेगळं बटण हवं. आज एका बटणावर अख्खं दालन पेटतं, त्यामुळे खिडकीजवळचे दिवेही दिवसभर चालू राहतात.

वरच्या मजल्यासाठी स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या चकचकीत फरशीच्या तुकड्यांचा थर) टाकावं. खर्च कापायची वेळ आली की नेमका हा थर आणि छज्जे जातात, एसीपीचं क्लॅडिंग (भिंतीवरचं शोभेचं ॲल्युमिनियम पत्र्यांचं आवरण) मात्र राहतं. हा क्रम उलटा करा.

दाखल्यासाठी आलेल्या माणसाला रांगेत सावली, पाणी आणि कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह मिळायला हवं. जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर १:१२ उताराच्या रॅम्पला ५.४ मीटर लांबी लागते. ती नकाशातच राखली नाही, तर शेवटी उभा चढ बांधला जातो आणि चाकांची खुर्ची त्यावर चढत नाही.

सौर पॅनेल जरूर लावा, पण आधी विजेची गरज कमी करा.

शेवटची मागणी: ताबा घेतल्यावर, दोषदायित्वाची मुदत (ज्या काळात दोष कंत्राटदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचे असतात) संपण्याआधी, एक उन्हाळा आणि एक पावसाळा इमारत तपासली जावी. मे महिन्यात दुपारी तीनला प्रत्येक मजल्याचं तापमान, प्रति चौरस मीटर वीजवापर आणि गळती नोंदवावी. कारकुनांना आणि आलेल्या नागरिकांना विचारावं. वास्तुविशारदाचं अंतिम देयक या अहवालानंतरच अदा व्हावं.

आपले,
इमारतींच्या ऊर्जावापरावर काम करणारे वास्तुविशारद आणि विद्युत अभियंते