माई, तुमच्या खळ्यातल्या त्या फुगडीबद्दल

माई,

समोर येऊन आभार मानले असते तर "गप रव गो" म्हणून तुम्ही हातात चहाची कपबशी दिली असती. म्हणून लिहून पाठवतेय, आणि तेही चार लोकांत. माझी शोभाही मी चार लोकांतच करून घेतली होती ना.

माझी लेक आणि पलीकडच्या घरातली तिची मैत्रीण बालवाडीपासून एका डब्यात जेवायच्या. पाचवीच्या स्कॉलरशिपला माझीला तिच्यापेक्षा चार गुण कमी पडले. 300 गुणांची परीक्षा, एक प्रश्न दोन गुणांचा. म्हणजे अवघे दोन प्रश्न! त्या दोन प्रश्नांपायी आम्ही दोघी आया दोन वर्षं धड बोललो नाही. तिने स्टेटसला लेकीचं प्रशस्तिपत्र ठेवलं की तासाभरात मी माझीचं चित्र चढवायची. निबंधाची वही कुणाला दाखवायची नाही, असं लेकीला बजावलं होतं. कुणाला म्हणजे कुणाला, ते तिला बरोबर कळलं होतं. एकदा चाचणीचे पेपर मिळाले, तेव्हा दारात चप्पल काढता काढता तिने विचारलं, "आधी तिचे सांगू की माझे?"

मी म्हणाले, "तिचे."

गणपती जवळ आले तशी तुमच्या खळ्यात मुलींच्या फुगड्यांची तालीम सुरू झाली. स्पर्धेत माझीला पुढे ठेवा, हे सांगायला मी आले, तर ती बाई माझ्याआधीच पायरीवर उभी. तिचंही तेच काम! तुम्ही दोघींचं ऐकून घेतलंत, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलंत आणि म्हणालात, "पर्स खाली ठेवा. आधी तुमी दोघी घाला बघूया."

नाही म्हणायची सोय नव्हती, सगळ्या मुली बघत होत्या. चवड्याला चवडे लावले, हातांची कैची केली. दोन फेऱ्या नुसत्या रखडलो, कारण दोघीही ताठ. "अंग मागे टाका गो! हात घट धरा, सोडलात तर दोघीय पडतलात," तुम्ही ओरडलात. चाळिशीत अंग मागे टाकायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. टाकलं एकदाचं. तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या, माझा पदर सुटला, खळं, तुळस, मुली सगळं एकात एक मिसळलं. थांबलो तर गरगरत होतं, म्हणून तिच्याच खांद्याला धरून उभी राहिले. तीही मला धरून. मुली हसून हसून खाली बसल्या होत्या, माझी तिच्या मैत्रिणीच्या मांडीवर.

मग पडवीत तुम्ही हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या दिल्यात आणि आत निघून गेलात. मुद्दामच गेलात, आता कळतंय. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी तीच म्हणाली, "तुमच्या स्वयंपाकघरात पहाटे पाचला दिवा लागतो, म्हणून मी हिला पाचला उठवून अभ्यासाला बसवते."

माई, आमचे हे एसटीवर ड्रायव्हर. पहिली गाडी त्यांची, म्हणून पाचला दिवा! लेक सातपर्यंत घोरत असते. हे सांगितलं तशी ती इतकी हसली की पातोळीतलं गूळ-खोबऱ्याचं चुन सांडलं. मला मात्र हसताना त्या पोरीच्या दोन वर्षांच्या पहाटा आठवत राहिल्या.

स्पर्धेत नंबर आला नाही. पुढे कोण होतं तेही आता आठवत नाही, फिरताना सगळ्याच पुढे येतात. अगदीच सुधारले असं नाही हं. परवा जीभ चावून गप्प बसले.

तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा कसा देऊ, म्हणून आज पातोळ्या केल्यात. संध्याकाळी आणून देते. हळदीची पानं तिच्या परसातली आहेत.

तुमची,
पलीकडच्या वाडीतली