मुंबई सर्व्हरच्या नावाखाली फ्रँकफर्टला जोडलेली बीटा आणि न सोडवताच बंद केलेली तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: ॲक्शन रोल-प्लेइंग गेमच्या बीटातील सदोष सेवा आणि तक्रार परस्पर बंद केल्याबाबत

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेले तिसरे संभाषण संपल्यावर लगेच हे पत्र लिहायला बसलो आहे. आपल्या गेमच्या बीटात, म्हणजे प्रकाशनापूर्वीच्या चाचणी आवृत्तीत, तीन दिवस आधी प्रवेश मिळावा म्हणून मी २,४९९ रुपये भरले, कारण आपल्या जाहिरातीत ‘भारतीय खेळाडूंसाठी मुंबईत सर्व्हर’ असे स्पष्ट लिहिले होते. त्या तीन दिवसांत मी १९ तास खेळलो.

खेळ वाईट आहे अशी माझी तक्रार नाही, हे आधीच नोंदवतो. गदाधारी योद्ध्याचा घाव शत्रूवर बसतो तेव्हा त्याचे वजन हाताला जाणवते, स्किल ट्रीमध्ये, म्हणजे योद्ध्याची कौशल्ये निवडण्याच्या आराखड्यात, चुकलेला निर्णय फुकट मागे घेता येतो आणि लूटही कचऱ्यासारखी न सांडता मोजकी पण उपयोगाची पडते. सन २००१ मध्ये नाशिकच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून डायब्लो २ खेळणाऱ्या माझ्यासारख्याला हे सारे पाहून मनापासून आनंद झाला. खाणीच्या प्रदेशातले पहिले दोन तास तर मी जेवणही विसरलो होतो.

त्यानंतर पहिला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आला. त्याने हातोडा उगारल्यावर मी वेळेवर डॉज केले, म्हणजे घाव चुकवला, माझा योद्धा पडद्यावर स्वच्छ बाजूला झालेला दिसला, आणि क्षणभराने तो ओढल्यासारखा मूळ जागी परत येऊन मरण पावला. असे एकदा नव्हे, त्या रात्री १४ वेळा झाले. खेळात सर्व्हर मुंबई निवडलेला होता, तरी पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, १८६ मिलीसेकंद दिसत होता. त्याच जोडणीवरून मुंबईतल्या इतर सर्व्हरचा पिंग १८ येतो. म्हणून जोडणीचा मार्ग दाखवणारा ट्रेसरूट चालवून पाहिला, तर माझी जोडणी थेट जर्मनीतल्या फ्रँकफर्टला जात होती. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि नाशिकहून फ्रँकफर्ट सरळ रेषेतही साधारण साडेसहा हजार किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन किमान ६५ मिलीसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्षातल्या वळणावळणाच्या केबलमधून त्याहून बरेच जास्त. आपल्याच माहितीपत्रकानुसार डॉजच्या पहिल्या २०० मिलीसेकंदांत इजा होत नाही. कोण वाचला आणि कोण मेला हे सर्व्हर ठरवतो, त्यामुळे १८६ मिलीसेकंद वाटेतच गेल्यावर त्या २०० मिलीसेकंदांचा मला काय उपयोग, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायची गरज नसावी.

हा दोष माझ्या घरचा नाही याची खात्रीही मी करून घेतली. माझा भाचा पुण्यात वेगळ्या कंपनीचे इंटरनेट वापरतो. त्यालाही मुंबई निवडल्यावर फ्रँकफर्टच मिळाले. दोघांचे ट्रेसरूट, पिंगच्या नोंदी आणि चार व्हिडिओ जोडून मी तक्रार पाठवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर ‘सोडवली’ असा शिक्का पडला. खाली कारण होते, ‘ग्राहकाच्या इंटरनेटमधील अडचण’.

आजचे संभाषण मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण ते ऐकताना माझे हात थरथरत होते. प्रतिनिधीने प्रथम राउटर बंद करून चालू करायला सांगितले. ते मी आधीच्या दोन्ही फोनवर केले होते, तरी पुन्हा केले. मग त्यांनी गेम काढून परत टाकायला सांगितले. ८० जीबीचा गेम मी आधीच एकदा परत टाकला असल्याचे मी सांगितले. ट्रेसरूट उघडून पाहिला का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “सर, अटॅचमेंट आम्हाला दिसत नाही.” मी आकडे वाचून दाखवू लागलो तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून विचारले, “सर, तुमचं वय काय?” मी ४१ म्हटल्यावर ते म्हणाले, “मग डिफिकल्टी कमी करून बघा, नाहीतर घरात कोणी लहान खेळणारं असेल तर त्यांच्याकडे फोन द्या. आणि सर, बीटा आहे, बीटात असं होतंच.” मी वरिष्ठांशी बोलायचे आहे म्हटले. फोन सहा मिनिटे होल्डवर राहिला आणि कट झाला.

बीटात दोष असतात हे मला कळते. ते शोधून आपल्यापर्यंत पोहोचवावेत यासाठीच तर बीटा असते, आणि मी तेच काम पैसे भरून केले. माझ्या वयाचा आणि फ्रँकफर्टच्या सर्व्हरचा काय संबंध? पुराव्यासह आलेला दोष न वाचता ‘सोडवली’ म्हणून बंद करायचा असेल, तर आपण चाचणी कसली घेतली? पाथ ऑफ एक्झाइल या गेममध्येही सर्व्हर आणि पडद्यावरचे चित्र यांचा मेळ बसत नसे. त्याच्या निर्मात्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने ती अडचण खेळाडूंच्या माथी मारली नाही, २०१५ मध्ये खेळाडूचा संगणक आणि सर्व्हर यांना पावलोपावली एकत्र चालवणारी लॉकस्टेप पद्धत आणून तिच्यावर उपाय केला. मे २०१२ मध्ये डायब्लो ३ च्या पहिल्याच दिवशी सर्व्हरवरच्या गर्दीमुळे येणाऱ्या ‘एरर ३७’ ने खेळाडूंना दारातच अडवले होते. ती आठवण असलेले आम्ही लोक केवळ सर्व्हर बिघडला म्हणून कोणाला सोडून जात नाही. पण न सोडवलेल्या तक्रारीवर ‘सोडवली’ लिहिणे हे खोटे आहे, आणि ते मला सहन होत नाही.

चॅटमध्ये देवनागरी लिहिल्यावर चौकोनी डबे उमटतात, हेही मी वेगळे कळवले होते. त्याची पोचसुद्धा आली नाही.

माझी तक्रार पुन्हा उघडून ती नेटवर्क अभियंत्याकडे द्यावी, मुंबईचा सर्व्हर खरोखर कधी चालू होणार याची तारीख लेखी कळवावी, अन्यथा २,४९९ रुपये पूर्ण परत करावेत. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार या पत्राची पोच ४८ तासांत देणे आणि महिनाभरात निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली, दिशाभूल करणारी जाहिरात व सेवेतील उणीव या कारणांवरून, नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करण्याची सोय या कायद्यात आहे.

आपल्या कंपनीचा प्रत्येक गेम मी आजवर पहिल्या आठवड्यातच विकत घेतला. भाच्याला या खेळांची गोडीही मीच लावली. काल त्याने बीटा काढून टाकली, आणि त्याला थांब म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हते.

सोबत: दोन ट्रेसरूट, पिंगच्या नोंदी, चार व्हिडिओ, जाहिरातीचे छायाचित्र.

आपला ग्राहक,
नाशिक