तिवरांवर औषध फवारू नका

संपादक महोदय,

पावसाळा सरत आला की ठाणे खाडीकाठची तिवरे तपकिरी पडतात आणि ‘खारफुटी मरतेय’ अशी ओरड सुरू होते. यंदा आमच्या भागातल्या एका सोसायटीने तर कुंपणापलीकडच्या तिवरांवर कीटकनाशक फवारून घ्यावे म्हणून सह्या गोळा करायला घेतल्या आहेत. मी वर्षानुवर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. दारात आलेल्यांना जे सांगितले, तेच इथे लिहिते.

ही झाडे मेलेली नाहीत. सागाची पाने फस्त करणारा ‘हायब्लिया प्युएरा’ नावाचा पतंग तिवरांवरही अंडी घालतो. एखादे पान हातात घेऊन पाहा. अळी पानाची कड कातरते, तो तुकडा दुमडून रेशमी धाग्याने टाचते आणि त्या घडीत दडून हिरवा गर खाते. उरते ती शिरांची जाळी. पतंग बसलेला असताना मातकट दिसतो, पण पंख उघडले की मागच्या काळ्या पंखांवरचे नारिंगी पट्टे चमकतात. फांदी नखाने खरवडली तर साल आतून हिरवीगार असते. काही आठवड्यांत पालवी फुटते. मुंबईत असे हल्ले नव्वदच्या दशकापासून नोंदलेले आहेत आणि तिवरे जागेवर आहेत.

या दिवसांत तिथे कोतवाल, साळुंक्या, वेडे राघू यांची झुंबड उडते. औषध मारले तर विषारी अळ्या त्यांच्या पोटात जातील आणि दिवसातून दोनदा येणारी भरती उरलेले विष खाडीत नेईल. कोळंबी आणि चिंबोरी अळीसारखीच संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या गटातली, त्यामुळे तीही मरणार. चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या धरणाऱ्या कोळीवाड्यातल्या बायकांना कोणी विचारले का? ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, हेही सह्या घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते. मला त्याचे फार वाईट वाटले.

तिवर खरोखर मरते ते भरतीची वाट अडल्यावर. राडारोडा टाकून पाणी कोंडले की चिखलातून वर आलेली श्वासमुळे सतत बुडून राहतात, झाड गुदमरते. तिथे शिरांची जाळी दिसत नाही. अख्खी पाने पिवळी पडून गळतात आणि पालवी येतच नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला, बुजलेल्या मोरीपाशी, असा एक पट्टा तयार झाला आहे. ती मोरी मोकळी करा, असा अर्ज काढणार असाल तर पहिली सही माझी घ्या.

– एक निवृत्त शिक्षिका, भांडुप (पूर्व)