दप्तरं वाटली, पाळणाघराचं काय?

संपादक महोदय,

रविवारच्या अंकात आमच्या भागातल्या बिल्डरच्या सीएसआरची, म्हणजे कंपनीने नफ्यातून करायच्या समाजकार्याची, बातमी वाचली. गावाकडच्या शाळेला दप्तरं दिली, झाडं लावली. त्या मुलांना दप्तरं मिळाली याचा आनंदच आहे. पण याच बिल्डरची साइट आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून आहे आणि तिथली मुलं मी तीन वर्षं रोज पाहते आहे.

आया घमेली वाहतात तेव्हा तान्ही बाळं परांचीच्या बांबूला बांधलेल्या साडीच्या झोळीत असतात आणि पाच-सहा वर्षांच्या पोरी त्यांना झोका देतात. गेल्या मे महिन्यात त्यातल्याच एकीच्या तळपायात सेंट्रिंगच्या फळीचा खिळा घुसला. रडणं ऐकून मी धावत खाली गेले. प्रथमोपचाराची पेटी ऑफिसात कुलपात होती आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. कुणीतरी हळद दाबून फडकं बांधलं होतं. मी रिक्षा करून पोरीला दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आई सोबत आली, म्हणून मुकादमाने तिची अर्धी हजेरी कापली. सुपरवायझरला जाब विचारला तर म्हणाला, "मॅडम, ती ठेकेदाराची लेबर आहे." ठेकेदाराने मुकादमाकडे बोट दाखवलं.

पाळणाघराचं विचारलं तर उत्तर मिळालं, "पन्नास बायका भरत नाहीत." स्लॅबवाल्याच्या वेगळ्या, प्लास्टरवाल्याच्या वेगळ्या, फरशीवाल्याच्या वेगळ्या मोजल्या तर कशा भरतील? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने ठेकेदार नव्हे, जागा धरली होती. जिथे पन्नासहून जास्त बायका कामाला, तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेससारखी संस्था साइटवर पाळणाघरं चालवते, म्हणजे मनात आणलं तर हे होतं. सीएसआरचे, म्हणजे कंपनी कायद्याने ठरवलेले दोन टक्के, नफ्यातून द्यायचे असतात. मजुरांच्या मुलांची खोली हा सिमेंट-सळईसारखा बांधकामाचाच खर्च आहे. तो आधी करा आणि मग नफा मोजा.

कोंढव्यात 29 जून 2019 ला सोसायटीची भिंत मजुरांच्या खोल्यांवर कोसळून 15 जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. आमच्या शेजारच्या पत्र्याच्या खोल्याही अशाच भिंतीला टेकून आहेत आणि ती भिंत आमच्या सोसायटीची आहे. दोन सभांत मी हा विषय काढला. दोन्ही वेळा पार्किंगपुढे तो मागे पडला. जोराचा पाऊस लागला की मी गॅलरीत जाऊन भिंत बघून येते.

आणखी एक. या बातमीवर बातमीदाराचं नाव नव्हतं आणि त्याच अंकात त्याच बिल्डरची पानभर जाहिरात होती. आमच्या घरी तुमचा पेपर तीस वर्षं येतो, म्हणून हक्काने विचारते. बिल्डरने पाठवलेला मजकूरच तुम्ही छापला का? तसं असेल तर तसं लिहा.

तुमचा बातमीदार एकदा सकाळी आठला, हजेरीच्या वेळी, साइटच्या मागच्या गेटने आत पाठवा. मी सोबत येईन.

आपली,
एक वाचक, पुणे