वर आल्यावर मिस्ड कॉल दे

कुळे, रविवार रात्र

प्रिय बाय,

काल मी फोन मध्येच ठेवला. रागाने नव्हे, पण तुला तसंच वाटलं असणार. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. सोमवारपासून कोळशाच्या खाणीत खाली उतरणार, संमतीच्या कागदावर सही करून झाली, हे तू इतक्या सहज सांगितलंस की मला पुढे बोलताच येईना. 2019 पर्यंत बाईमाणसाला जमिनीखालच्या खाणीत कामाला परवानगीच नव्हती, आणि आता आपल्या घरातली मुलगी जाते. सकाळी तिठ्यावर चारजणांना मीच होऊन सांगितलं. रात्री मात्र झोप नाही.

एकच विचारतो, मास्क घट्ट बसतो ना? पुन्हा नाही विचारणार.

आजोबांना तू पाहिलंस ते खाटेवर. मी पाहिले ते इंजिनावर. गोवा मुक्त झाला तेव्हा मी वर्षाचा होतो. सात-आठ वर्षांचा झालो तेव्हा कुळ्याचं स्टेशन हेच आमचं मैदान. मीटर गेजची गाडी मुरगावहून आली की इथे थांबायची, पाणी भरायची आणि मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी इंजिनं, लागायचे. कॅसलरॉकपर्यंत 26 किलोमीटरचा घाट, 37 फुटांना एक फूट चढ. पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या आवाक्यातला नव्हे. पुढचं शिट्टी घालायचं, मागचं उत्तर द्यायचं, मग सगळी गाडी एकदम हलायची. आजोबा मागच्या बँकरवर फायरमन.

एकदा त्यांनी मला वर घेतलं. पोटऱ्या भाजत होत्या. फावडं भरायचं, वळायचं, भट्टीचं दार उघडून कोळसा नेमका त्या कोपऱ्यात टाकायचा, दार बंद. एकाच जागी ढीग झाला तर वाफ पडते, म्हणायचे. कोळशाचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला, एका बाजूने आरशासारखा चमकत होता. 'हो खंयच्यान येता?' मी विचारलं. 'जमनी पोंदच्यान,' जमिनीखालून, एवढंच म्हणाले. तिथे खाली माणसं असतात हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

बोगद्यात पुढच्या इंजिनाचा धूर कोंडून राहायचा आणि मागचं इंजिन त्याच धुरातून जायचं. बोगदा यायच्या आधी आजोबा पंचा पाण्यात भिजवून तोंडाला बांधत. घरी आले की आजी तो पंचा उलगडायची; आतल्या अंगाला नाकाचा आणि तोंडाचा काळा ठसा उमटलेला असायचा. दगडावर आपटून धुतला तरी तो ठसा पुरता जात नसे. दोरीवर वाळत घातलेला तो पंचा मला अजून दिसतो. पुढे खोकला लागला तेव्हा डॉक्टरांनी दमा म्हणून औषध दिलं. शेवटची सहा वर्षं ते बसूनच झोपले. तेही म्हणायचे, धुराची सवय जाल्या.

म्हणून सांगतो, सवय झाली असं तू म्हणू नकोस. मास्क घामाने ओला होतो, गुदमरायला होतं, बोलताना खाली ओढावासा वाटतो. ओढू नकोस. बाकीचे ओढतात म्हणून तर मुळीच नको. कमरेचा तो सेल्फ रेस्क्यूअर, विषारी वायूत श्वास घ्यायचा डबा, जड लागला तरी सोडायचा नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, हे तूच मला शिकवलंस. आणि छातीचा एक्स-रे पाच वर्षांनी एकदा म्हणालीस? पाच वर्षं म्हणजे काय! दर वर्षी काढ, पैसे मी पाठवतो.

बघ, सुरू झालंच माझं. तू इंजिनिअर, मी दहावी शिकलेला ट्रकवाला, आणि तुलाच खाण शिकवतोय. रागावू नको, बाय. 2012 ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, आपला ट्रक वर्षभर फणसाखाली उभा राहिला, टायरात गवत वाढलं. तेव्हा तू रोज शाळेतून येऊन त्याच्या पायरीवर बसायचीस. खाणीचं नावही घरात नको असं मी त्या वेळी म्हणालो होतो. तू तेच शिकायला गेलीस आणि मी फी भरली. भरताना आनंद झाला होता, हे तुला कधी सांगितलं नाही. मामा काय म्हणतो ते मनावर घेऊ नकोस, मीही घेत नाही.

आईने सोलां आणि चण्याचे लाडू बांधून ठेवलेत. कोणी तिकडे जाणारा मिळाला की पाठवतो. चंद्रपूरचं ऊन वाईट, सोलकढी करून पी. मास्क दोन जादा घेऊन ठेव, लागतील तेवढे.

आणखी एक. कॅसलरॉकहून बँकर मोकळे उतरत यायचे तेव्हा वळणावर आजोबा शिट्टी द्यायला लावत. आजी ती ऐकून न्हाणीत चूल पेटवायची. त्याच्या आधी कधी नाही. ड्रायव्हर बदलला तरी शिट्टी चुकली नाही. खाली फोन लागत नाही हे मला कळतं. पण शिफ्ट सुटून वर आलीस की एक मिस्ड कॉल दे. उचलणार नाही मी, बोलणारही नाही. नुसता वाजू दे.

तुझा,
पप्पा