फीत कापली, कुलूपही लावले: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी आपण आमच्या नर्सिंग महाविद्यालयातील सिम्युलेशन कक्षाची, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी आभासी रुग्णावर सराव करण्याच्या खोलीची, फीत कापलीत आणि तिथल्या सरावाच्या गेमचा परवाना दरवर्षी नूतनीकृत होईल, असा शब्द दिलात. मध्यंतरी त्याची मुदत संपली. आमचा अर्ज ‘निधी उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह परत आला आणि कक्षाला कुलूप लागले.

‘गेम’ हा शब्द वाचून आपल्या अधिकाऱ्यांना हसू आले म्हणे. तो गेम असा असतो: शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस, नाडी ११८, श्वसन मिनिटाला २६, रक्तदाब ९६/६० आणि लघवीची पिशवी चार तास जवळपास रिकामी. आधी काय करायचे, हे विद्यार्थिनीने ठरवायचे; ती घुटमळली तर रक्तदाब उतरतच जातो. टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वसनाच्या नोंदींचा तक्ता) मोत्यासारख्या अक्षरात भरणारी माझी एक हुशार विद्यार्थिनी पहिल्या खेपेस वेदनाशामक देऊन मोकळी झाली. नंतरच्या पाऊण तासाच्या डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे काय केले आणि का केले याच्या चर्चेत, तेच आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहताना, तिला आतला रक्तस्राव दिसू लागला. ही चूक वॉर्डात कोणाच्या जिवावर करू द्यायची, ते आपणच सांगावे.

अमेरिकेतील राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या अभ्यासात, प्रत्यक्ष रुग्णसेवेचे निम्म्यापर्यंत तास दर्जेदार सिम्युलेशनने भरूनही विद्यार्थी मागे पडले नाहीत. (त्यात केवळ गेम नव्हे, रुग्णासारख्या पुतळ्यांवरचा सरावही होता, हे आपले अधिकारी सांगतीलच.) निम्मे राहू द्या, आम्हांला आठवड्याला दोन तास मिळत होते, तेही गेले.

आता मी रोज रात्री पुठ्ठ्याची पाकिटे कापून त्यांत तपासण्यांचे निकाल भरते आणि वर्गात मनगटी घड्याळ बघून रक्तदाब ‘उतरवते’. कागद माझा, रविवार माझे, धरलेली मानही माझीच. आणि ‘अमान्य अध्यापन साहित्य’ वापरल्याबद्दल खुलासाही माझ्याकडेच मागितला गेला! आपल्या व्यवस्थेला हजेरीच्या सह्या मोजता येतात, खरेदीची बिले मोजता येतात; मुलगी विचार करायला शिकली का, या प्रश्नाला मात्र कोणत्याही नमुन्यात रकाना नाही. म्हणूनच यंत्रे येतात आणि ती चालवणाऱ्या शिक्षिकेचे पद रिक्तच राहते.

परवान्याचे नूतनीकरण आणि डीब्रीफिंगचे प्रशिक्षण घेतलेली एक शिक्षिका, एवढेच मागणे आहे. माझा खुलासा मी तीन दिवसांच्या मुदतीत सादर केला आहे. आपल्या उत्तराची मुदत आपण कळवावी.

आपली,
एक नर्सिंग शिक्षिका